वादग्रस्त वक्त्यांविरोधातील विद्यार्थी निदर्शने (कोकण)

महाविद्यालयाने किंवा व्याख्यानमालेने बोलावलेल्या राजकीय वक्त्याला विद्यार्थ्यांनी उघडपणे केलेला विरोध. काळे झेंडे दाखवण्याची रीत जुनीच. ३ फेब्रुवारी १९२८ला मुंबई बंदरात उतरलेल्या सायमन कमिशनचे स्वागत काळ्या झेंड्यांनीच झाले. कोकणात वाद दरवेळी विचारसरणीचाच असतो असे नाही. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प किंवा बारसूची रिफायनरी यांची भलामण करणारा पाहुणाही राजापूर-रत्नागिरीकडे वादग्रस्त ठरू शकतो.

सुरुवात प्राचार्यांना दिलेल्या निवेदनाने होते. निवेदन दोन प्रतींत द्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घ्यावी. पोच नसेल तर निवेदन दिलेच नाही असे धरले जाते. आणखी एक प्रत पोलीस ठाण्यात द्यावी. वक्त्याचे आक्षेपार्ह विधान जसेच्या तसे, कुठे व केव्हा केले त्यासह लिहावे. ऐकीव वाक्य पहिल्याच बैठकीत अंगाशी येते. ‘कार्यक्रम रद्द करा’ ही मागणी प्राचार्य सहसा संस्थेकडे ढकलतात, ‘अर्धा तास खुली प्रश्नोत्तरे ठेवा’ ही नाकारणे त्यांना जड जाते. नेहमीची चूक उशिराची. पत्रिका वाटून झाल्या, पाहुणे कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये बसले आणि मग निवेदन आले, तर प्राचार्यांच्या हाती बंदोबस्त मागवण्याखेरीज काही उरत नाही.

शांततापूर्ण निदर्शने हा अभिव्यक्तीचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद खटल्यात (१९६२) मानले. निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीपुढे नमून अभिव्यक्ती दडपता येत नाही, हे रंगराजन खटल्यात (१९८९) सांगितले. दारावर उभ्या असलेल्यांना पहिला निकाल पाठ असतो, संयोजकांना दुसरा.

प्रत्यक्षात गाठ पडते ती महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७शी. मनाई आदेश लागू असेल तर पोटकलम (१)खाली काठ्या बाळगण्यावर आणि (३)खाली जमावावर बंदी येते. आदेशात जमाव म्हणजे सहसा पाच किंवा अधिक माणसे. बांबूला बांधलेला झेंडा मग काठीत मोजला जाऊ शकतो, म्हणून काळा रुमाल किंवा दंडावरची फीत बरी. शिक्षणसंस्थेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शासनाने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. तिथे भोंगा लावला की पोलिसांना आयतेच कारण मिळते.

पावसाळ्यात पुठ्ठ्याचे फलक पंधरा मिनिटांत लोळागोळा होतात आणि शाई ओघळून घोषणा वाचता येत नाही. फ्लेक्सच्या जुन्या तुकड्यामागे ऑइलपेंटने लिहिलेले टिकते. वेळही एसटी ठरवते. गावाकडची शेवटची गाडी पाचची असेल आणि व्याख्यान साडेचारला, तर दुपारी शंभर असलेली संख्या वक्ता येईतो वीसवर येते.

सभागृहात पाठ फिरवून उभे राहणे, रांगेने निघून जाणे, चिठ्ठीवर नेमका प्रश्न पाठवणे हे प्रकार चालतात. घोषणांनी भाषण बंद पाडणे बहुधा उलटते: मोबाइलवर फिरते ती गोंधळाची चित्रफीत, मूळ विधान मागे पडते. १ फेब्रुवारी २०१७ला अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात उजव्या विचारांचे वादग्रस्त वक्ते मायलो यिआनोपोलस यांचे भाषण जाळपोळ-तोडफोडीमुळे रद्द झाले आणि न झालेल्या त्या भाषणाची चर्चा देशभर पोहोचली.

पोलीस बहुतेक वेळा ताब्यात घेतात, समज देतात आणि संध्याकाळी सोडतात. गुन्हा नोंद झाला तर मात्र गोष्ट वेगळी. पोलीस भरती, सरकारी नोकरी आणि आखातासाठी किंवा बोटीवर जाण्यासाठी लागणारा पासपोर्ट, सगळीकडे पडताळणी असते. म्हणून घरचे आधी विचारतात ते ‘नाव लिहून घेतलं का?’