मुक्तिधामातल्या भाषणांची पार्श्वभूमी

इंदूरला रामबागेच्या किंवा पंचकुइयाच्या मुक्तिधामात अग्नी दिला की मंडळी लगेच पांगत नाहीत. कपालक्रियेपर्यंत थांबायचं असतं. लोक शेडखाली बाकांवर टेकतात, कुणी पाण्याची बाटली फिरवतं. मग कॉलनीतला किंवा समाजातला एक ठरलेला गृहस्थ उभा राहतो, घसा साफ करतो आणि एकेकाचं नाव पुकारू लागतो. प्रत्येकजण दोन-तीन मिनिटं बोलतो. माझ्या मामांच्या वेळी पुण्याहून आलेल्या मावसभावाने हळूच विचारलं, "मामा राजकारणात होते का रे?" मामा बँकेत हेडकॅशियर होते.

त्याचं नवल खरं होतं. शहरी मराठी घरांत साध्या माणसाच्या चितेसमोर भाषण होत नाही. झालंच तर पुढे केव्हातरी, सभागृहात. म्हणून इंदूरची ही चाल हिंदी शेजारातून उचललेली किंवा पुढाऱ्यांची नक्कल, असं अनेकांना वाटतं. अर्धं खरं आहे. पण दहनानंतर बसून बोलण्याचा विधी शास्त्रातच आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात तो सुरुवातीलाच येतो. प्रेताला पाणी देऊन नातलग पाण्याबाहेर आले, मऊ हिरवळीवर बसले, की वडीलधाऱ्यांनी त्यांचा शोक जुन्या इतिहासकथांनी हलका करावा. काय सांगावं तेही दिलं आहे : माणसाचं आयुष्य केळीच्या खांबासारखं निःसार, पाण्याच्या बुडबुड्यासारखं, त्यात सार शोधणारा मूढ. आणि रडू नका, कारण नातलगांनी ढाळलेले अश्रू प्रेताला नाइलाजाने खावे लागतात. आश्वलायन गृह्यसूत्र तर घरातलं वडीलधारं गेल्यानंतरच्या शांतिकर्मात दीर्घायुषी माणसांच्या कथा आणि मंगल इतिहास-पुराणं सांगत बसायला सांगतं. हे सारं बोलणं मागे राहिलेल्यांसाठी आहे. गेलेला माणूस कसा होता, याबद्दल एक अक्षर नाही.

ते काम बायका करत. गावाकडे हेल काढून रडणं ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. त्या रडण्यात माणूस नेमका असायचा : त्याला काय आवडायचं, कुठल्या बैलाला त्याने काय नाव ठेवलं होतं, शेवटचं काय बोलला, कुणाची उधारी राहिली. महाभारताच्या स्त्रीपर्वात गांधारी रणभूमीवर एकेक देह ओळखत, नाव घेत बोलते, आणि शेवटी कृष्णालाच शाप देते. गेलेल्याविषयीचं इतकं थेट भाषण कुठल्याही शोकसभेत झालं नसेल. शहरात आल्यावर हेल काढणं गावंढळ ठरलं. बायका स्मशानात जात नव्हत्याच. म्हणजे बोलायचं काम पुरुषांकडे आलं, आणि पुरुषांना त्याची सवय नव्हती.

नमुना मिळाला तो पश्चिमेकडून, इंग्रजी शाळांमार्फत. तिकडेही तो एकच नव्हता. अथेन्समध्ये युद्धात पडलेल्यांना शहराच्या खर्चाने एकत्र पुरत आणि निवडलेला नागरिक भाषण करी. इ. स. पूर्व ४३१ च्या हिवाळ्यात पेरिक्लीस बोलला ते भाषण थ्युसिडिडीसने आपल्या इतिहासात दिलं आहे. त्यात एकाही मृताचं नाव नाही, स्तुती आहे ती अथेन्सची. रोममध्ये उलटा प्रकार. भर चौकात मुलाने किंवा जवळच्या नातलगाने मृताचे गुण सांगायचे आणि ते संपले की खापरपणजोबांपासूनच्या पूर्वजांचे पराक्रम. त्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घालून माणसं समोर बसलेली असत. इ. स. पूर्व ६९ मध्ये ज्युलियस सीझर आपल्या आत्यावर बोलला तेव्हा त्याने आत्याचं कूळ एका बाजूने राजांपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने थेट व्हीनस देवीपर्यंत नेलं. आत्याचं कूळ म्हणजे त्याचंच. मुक्तिधामात "मी जेव्हा अध्यक्ष होतो, तेव्हा भाऊसाहेब माझ्याकडे आले..." अशी सुरुवात ऐकली की मला हा भाचा आठवतो.

रोमन वक्ता सिसेरोने तर तक्रारच नोंदवली आहे : या भाषणांनी रोमचा इतिहास बिघडवला, कारण न झालेले विजय आणि न मिळालेली पदं त्यांत घुसली, आणि घराण्यांनी ती भाषणं जपून ठेवली.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे सभा, अध्यक्ष, ठराव ही सगळी रचना आली आणि शोकसभा तिच्यातच बसली. दुखवट्याचा ठराव मांडायचा, अनुमोदन द्यायचं, प्रत कुटुंबाकडे पाठवायची. सभागृहातून हे बोलणं चितेपर्यंत आलं त्याचं ठळक उदाहरण फेब्रुवारी १९१५ चं. गोखले गेले, आणि आयुष्यभर त्यांच्याशी भांडलेले टिळक सिंहगडावरून खाली उतरले. पुण्याच्या स्मशानात त्यांनी गोखल्यांना भारताचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न म्हटलं आणि हा अश्रू ढाळण्याचा प्रसंग आहे असं लोकांना सांगितलं. याज्ञवल्क्याच्या बरोबर उलट.

होळकरांच्या इंदूरला सभा नवीन नव्हत्या. १९१७ चं मराठी साहित्य संमेलन इथेच भरलं, आणि पुढच्याच वर्षी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही. एकाच गावात दोन भाषांची व्यासपीठं. मग हिंदीतल्या वक्तृत्वाची छाप पडणारच. ग्वाल्हेरच्या वाजपेयींनी २९ मे १९६४ रोजी राज्यसभेत नेहरूंना वाहिलेली श्रद्धांजली या भागातल्या वक्त्यांच्या फार कामी आली आहे. अधुरं स्वप्न, मुका झालेला गीताचा सूर, अनंतात विलीन झालेली ज्योत : आमच्या मुक्तिधामात हे सगळं एखाद्या निवृत्त तलाठ्याच्या वाट्यालाही येतं, वाजपेयींच्या विरामांसकट.

मराठी घरात मयत असलं तरी सूत्रसंचालन हिंदीतच होतं, कारण शेजार हिंदी. "मिलनसार" हा शब्द चुकत नाही. मराठी सुरू होते ती एखादा जुना मित्र उठला की, तीही "त्यांनी मला खूप सहयोग केला" अशा वळणाची. घरी सुतक, दहावा, तेरावा आपल्या पद्धतीने, आणि जोडीला तिसऱ्या दिवशीचा उठावणा, म्हणजे सांत्वनासाठी सगळ्यांनी जमायची बैठक, कारण शेजारी वर्तमानपत्रात त्याची वेळ शोधतात.

या सगळ्याला जागा मिळते ती लाकडांमुळे. लाकडाच्या चितेला वेळ लागतो, आणि थांबलेल्या माणसांना काहीतरी ऐकायला हवं असतं. विद्युत दाहिनीत दार बंद झालं की बघण्यासारखं काही उरत नाही. तिथे भाषणं दोनावर आटोपताना मी पाहिली आहेत. आता मुलीबाळीही येतात. मामांच्या वेळी त्यांची नात उभी राहिली आणि मराठीत एवढंच म्हणाली, की आजोबा नोटा मोजताना कुणी हाक मारली तर ओ देत नसत, पण बोटाने थांब म्हणत, आणि मोजून झालं की स्वतः येऊन विचारत, काय गं? त्या दिवशी मामा दिसले ते तेवढेच.

मग दोन मिनिटांचं मौन. हेही उसनंच. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, केप टाउनला दुपारच्या तोफेबरोबर शहर स्तब्ध उभं राही. ११ नोव्हेंबर १९१९ ला ते पंचम जॉर्जच्या आवाहनावरून ब्रिटिश साम्राज्यभर पाळलं गेलं. आमच्याकडे ते सूत्रसंचालकाच्या मनगटावर अवलंबून असतं. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. पंचेचाळिसाव्या सेकंदाला "ओम शांति" झालं आणि लोक चपला शोधायला लागले.