स्पिन आणि स्पायरल डाइव्ह: दिसायला सारखे, बाहेर पडायचा रस्ता वेगळा

विमानाचं नाक खाली गेलंय, जमीन गोल फिरतेय, अल्टिमीटरचे (उंची दाखवणाऱ्या घड्याळाचे) काटे उलटे पळतायत. स्पिन असो की स्पायरल डाइव्ह, हे दोन्हीत होतं, म्हणून पायलट ट्रेनिंगला नवीन आलेली पोरं दोन्हीला सरसकट स्पिन म्हणून मोकळी होतात. पण स्पिनमध्ये पंख स्टॉल झालेले असतात, म्हणजे त्यांच्यावरून हवा नीट वाहत नाही आणि उचल कोसळते; स्पायरलमध्ये तसं नसतं.

स्टॉल होतो तो अँगल ऑफ अटॅक (समोरून येणारी हवा आणि पंख यांतला कोन) साधारण 15-16 अंशांच्या पुढे गेला की, आणि त्याच वेळी विमान यॉ होत असेल, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळत असेल, तर एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त स्टॉल होतो, त्याची लिफ्ट (उचल) कमी, ड्रॅग (हवेचा अडथळा) जास्त, मग विमान आपोआप त्याच बाजूला फिरत राहतं. हा झाला स्पिन. स्पायरलमध्ये पंख नीट उडतायत, फक्त बँक (एका बाजूला कलणं) वाढत गेलीय आणि नाक पडलंय, बस.

ओळखायचं कसं? एअरस्पीड बघा. स्टॉल स्पीडच्या आसपासच घुटमळतोय तर स्पिन, भराभर वाढतोय आणि अंगावर जी (शरीर जड झाल्यासारखा दाब) चढतोय तर स्पायरल. स्पिनमध्ये बॉलवर (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या गोळीवर) अजिबात विश्वास नको, फिरण्याची दिशा टर्न कोऑर्डिनेटर या वळण दाखवणाऱ्या उपकरणातल्या छोट्या विमानावरून घ्यायची.

स्पिनमधून निघायला थ्रॉटल (इंजिनची ताकद) बंद, एलरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) न्यूट्रल, फिरण्याच्या उलट फुल रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं सुकाणू), मग योक (हातातलं स्टिअरिंग) पुढे; फिरणं थांबलं की रडर सरळ करून हळू नाक वर. (उलट रडरची युक्ती 1912 मध्ये विल्फ्रेड पार्क या ब्रिटिश वैमानिकाने जीव वाचवताना वापरली होती, तेव्हा स्पिनमधून कसं निघायचं हे फारसं कुणाला ठाऊकच नव्हतं.) स्पायरलमध्येही थ्रॉटल बंदच, पण आधी एलरॉनने पंख सरळ आणि मगच योक ओढायचा. बँकमध्येच योक ओढला तर गिरकी अजून घट्ट होते आणि पंखांवरचा लोड वाढतो. आणि स्पिनमध्ये पडलेला पंख एलरॉनने उचलायला गेलात तर तो आणखी स्टॉल होतो.

खरा गोंधळ सेसना 172 या छोट्या ट्रेनिंग विमानात. पुढे दोघं बसलेले असले की तिला स्पिनमध्ये राहायचंच नसतं, एक-दोन फेऱ्यांत ती स्वतःच स्पायरलमध्ये जाते, आणि विद्यार्थी मात्र स्पिनच चाललाय समजून योक पोटाशी धरून बसलेला असतो, एअरस्पीडचा काटा पिवळ्या, म्हणजे सावधगिरीच्या वेगाच्या पट्ट्यात शिरला तरी.