दालचिनी आणि शुगर: मुळात कुठली दालचिनी?

सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर दालचिनी पावडर घ्या, शुगर उतरते, हा फॉरवर्ड डायबेटिस असलेल्या प्रत्येक घरात एकदा तरी येऊन गेलेला असतो. जुन्या काळी आपल्याकडे दालचिनी सर्दी-पोटासाठी, शुगरसाठी नाव निघायचं मेथी-कारल्याचं, आणि मेथीवर तर हैदराबादेत ८०च्या दशकात रीतसर काम झालंय. दालचिनी गाजली ती २००३ मध्ये.

त्या वर्षी पाकिस्तानातल्या ६० टाइप-टू पेशंटवरचा प्रयोग छापून आला. दहा-दहाचे सहा गट, तीन गटांना रोज १, ३ आणि ६ ग्रॅम दालचिनी, बाकी तीन गटांना गव्हाचं पीठ भरलेल्या कॅप्सूल. ४० दिवसांत दालचिनीवाल्या गटांची फास्टिंग शुगर १८ ते २९ टक्के उतरली, झालं, तिथून जगभर बोभाटा. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी मोजलीच नव्हती, आणि एका गटात फक्त दहा माणसं! २००६ ला नेदरलँड्समध्ये २५ बायकांवर सहा आठवडे प्रयोग झाला, काहींना रोज दीड ग्रॅम दालचिनी, बाकीच्यांना नुसत्या दिखाव्याच्या कॅप्सूल, काही फरक नाही. २०१२ ला दहा प्रयोग, ५७७ माणसं एकत्र धरून पाहिलं तरी शिफारस करावी इतका पुरावा निघाला नाही.

आता खरा गुंता नावाचा. पाकिस्तानात दिली ती कॅसिया, म्हणजे आपली तज. आपल्या फूड सेफ्टीच्या नियमांत तज आणि दालचिनी वेगवेगळ्या आहेत, तरी किराणा दुकानात दालचिनी मागितली की हातात बहुतेकदा तजच पडते, जाड, एकाच थराची, दाताने तुटत नाही अशी. खरी म्हणजे श्रीलंकेची किंवा कोकणातली, कागदासारखे पातळ थर एकात एक गुंडाळलेले, चिमटीत चुरा होतो. गंमत अशी की दारचिनी हा मूळ फारसी शब्द, अर्थ चिनी लाकूड, म्हणजे नावावर हक्क बघायला गेलं तर तजचाच!

पण हे नुसतं शब्दांचं भांडण नाही हो. तजमध्ये कुमारिन नावाचं एक नैसर्गिक सुगंधी रसायन भरपूर असतं, श्रीलंकेच्या दालचिनीत अगदी नावाला, आणि जास्त झालं तर काही जणांच्या लिव्हरला त्रास होतो. २००६ मध्ये जर्मनीत नाताळच्या दालचिनीवाल्या बिस्किटांवरून यावर चांगलाच गदारोळ झाला, आणि नंतर साठ किलोच्या माणसाने रोज तज खायची तर साधारण २ ग्रॅमपर्यंत, असा हिशेब तिकडे सांगू लागले. २००३ च्या प्रयोगातला मोठा डोस याच्या तिप्पट होता, आणि फॉरवर्डमध्ये चमचा सपाट की शीग लावून हेही लिहिलेलं नसतं.