राजा कधी वारला, यावरून मोजलेलं साम्राज्य

इंग्रजी राजवटीने भारताचं भलं केलं की वाटोळं, हा वाद निघाला की एक बाजू रेल्वे, पोस्ट, कोर्टं आणि विद्यापीठं मोजून दाखवते. दुसरी बाजू दुष्काळ, देशोधडीला लागलेले विणकर आणि लंडनला वाहत गेलेला पैसा मोजते. दोन्ही याद्या खऱ्या आहेत, तरी वाद काही मिटत नाही. नफातोटा काढायला तुलना लागते. औषध लागू पडलं का हे ठरवायला डॉक्टर औषध न दिलेले रुग्णही तपासतात. इंग्रजांचं राज्य न आलेला दुसरा भारत कुठून आणायचा?

पुरता नाही, पण अर्धामुर्धा तसा भारत होता. स्वातंत्र्याच्या आधी देशातली जवळपास चौथा हिस्सा लोकसंख्या संस्थानांत राहत होती. फौज आणि बाहेरचं राजकारण इंग्रजांच्या मुठीत, पण शाळा, रस्ते, दवाखाने आणि शेतसारा संस्थानिकांच्या हातात. मग खालसा, म्हणजे थेट इंग्रजांच्या ताब्यातला, मुलूख आणि संस्थानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर? तसं पाहिलं की शेतीत खालसा जिल्हे सरस दिसतात. इथेच फसगत होते. ईस्ट इंडिया कंपनीचं पोट शेतसाऱ्यावर चालायचं. पाऊसपाणी आणि जमिनीचा कस बघून तिने मुलूख घेतले. राजस्थानचा वाळवंटी पट्टा राजांकडेच राहिला. जमीन मुळात चांगली होती, त्याचं श्रेय राज्यकर्त्याला कसं द्यायचं?

लक्ष्मी अय्यर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी या अडचणीतून वाट काढली ती डलहौसीच्या एका धोरणाचा आधार घेऊन. १८४८ ते १८५६ या काळात डलहौसी गव्हर्नर जनरल होता. राजा औरस मुलाविना वारला तर दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करायचं, हा त्याचा नियम. साताऱ्याचे शहाजीराजे, म्हणजे अप्पासाहेब महाराज, एप्रिल १८४८ मध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क स्वतः खालसा करण्याच्या विरोधात होता, पण त्याचं कोणी ऐकलं नाही. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचं राज्य बुडालं. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झालं. झाशीची कथा वेगळी सांगायला नको.

१८५७ च्या उठावानंतर हा नियमच गुंडाळला गेला. कोल्हापूरच्या गादीवर त्यानंतर एकामागून एक दत्तक राजे आले, शाहू महाराज १८८४ मध्ये दत्तक आले, तरी संस्थान टिकलं. राजाला मुलगा होणं किंवा राजा नेमका त्या आठ वर्षांत मरणं, याचा जमिनीच्या कसाशी काडीचा संबंध नाही. म्हणून अशा योगायोगाने खालसा झालेले मुलूख आणि वाचलेली संस्थानं यांची तुलना खूप जास्त भरवशाची. अशा घटनेला संशोधक नैसर्गिक प्रयोग म्हणतात.

या तुलनेत शेतीतली आघाडी विरून गेली. उलट स्वातंत्र्यानंतरच्या आकडेवारीत थेट इंग्रजी अंमलाखाली गेलेल्या भागांत शाळा, आरोग्य केंद्रं आणि पक्के रस्ते कमी असल्याचं दिसलं. राज्य बुडाल्यावर शंभराहून जास्त वर्षांनीही गावाला त्याची झळ बसत होती! मला या सगळ्या विषयातला हाच निष्कर्ष सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो.

असं का व्हावं? अय्यर यांचा रोख कारभाराच्या दर्जाकडे आहे. संस्थानिकाला गादी जाण्याची भीती असे. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये गैरकारभाराच्या ठपक्यावरून पायउतार व्हावंच लागलं. त्यांच्या जागी आलेल्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानसाठी तसंच विधेयक मांडलं, बडोद्याचा दाखलाही दिला. तेव्हा देशात शंभरातल्या जेमतेम सहा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. जिल्ह्याच्या कलेक्टरला शाळा नसल्याबद्दल कोणी पदावरून काढत नव्हतं. सगळेच संस्थानिक सयाजीराव नव्हते, ऐषारामात प्रजेला विसरलेलेही पुष्कळ होते. आणि सरासरीत तेही धरलेले आहेत, तरी पारडं संस्थानांकडेच झुकतं.

मग रेल्वेचं काय? तिचा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. अर्थशास्त्रज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांनी जुन्या सरकारी दप्तरांतून पिकांचे भाव, पाऊस आणि मालवाहतुकीचे आकडे गोळा केले. जिल्ह्यात रेल्वे आली की शेतीचं खरं उत्पन्न सरासरी १६ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. आखणी झाली पण रूळ कधी पडलेच नाहीत, अशा मार्गांवरचे जिल्हेही त्यांनी तपासले. तिथे अशी वाढ नव्हती, म्हणजे श्रेय रुळांचंच.

आता त्याच रुळांचा खर्च बघा. भांडवल बहुतांशी ब्रिटिश भागधारकांचं होतं आणि त्यावर सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडी तोट्यात गेली तरी व्याज चुकत नसे, कारण तूट इथल्या महसुलातून भरली जाई. खर्च आटोक्यात ठेवायची कंपन्यांना गरजच उरली नाही. बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये खुला झाला, तोवर तिथे कॉलऱ्याने, तापाने आणि सुरुंगांच्या स्फोटांत हजारो मजूर मेले होते. हमीच्या करारात भागधारकाचं व्याज नेमकं लिहिलेलं होतं. त्या मजुरांच्या घरच्यांसाठी त्यात एक ओळ नव्हती.