सरळ चेसिस आणि कडक चेसिस

इंदूरजवळच्या भेरूघाटातल्या टपरीवर रविवारी पुन्हा तेच ऐकलं. "काका, चेसिस सीएनसीवर मशीन करून घेतली, आता गाडी वळणात चिकटते." काय काय मशीन केलं, असं विचारलं. "सगळी!" सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारं धातू तासायचं मशीन, चेसिस म्हणजे बाइकचा सांगाडा. नळ्या वाकवून, जिगमध्ये (साच्यात) धरून वेल्ड केलेली चेसिस सगळी मशीन होतच नाही, बाळा. मशीन होतात त्या मोजक्या जागा: हँडलच्या कोनसेटच्या (ज्या बेअरिंगवर हँडल फिरतं त्याच्या) बैठका, चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या) बोल्टची भोकं, इंजिन धरणारे फाउंडेशन बोल्ट बसतात ती तोंडं. वेल्ड थंड होताना ओढ घेतो, म्हणून या जागा शेवटी तासतात. बस, मशीनिंगची कामगिरी इथे संपते.

त्यातून मिळतो तो सरळपणा. दोन्ही चाकं एका रेषेत आणि एका प्रतलात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गाडी हात सोडला की एका बाजूला ओढत असेल, अपघातात चेसिसचं डोकं, म्हणजे हँडल बसतं ती नळी, वाकलेली असेल, तर सरळपणाचे पैसे जरूर मोजा.

घोळ होतो तो कडकपणात. जोर आला की चेसिस किती पिळते, हा कडकपणा. तो ठरतो नळीचा व्यास, जाडी आणि नळ्यांच्या त्रिकोणांवर. नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वाकण्याविरुद्धचा कडकपणा साधारण 8 पट होतो. मशीनने यातलं काही वाढत नाही. मशीन धातू काढते. झालाच तर कडकपणा केसभर कमीच. "भारी स्टील" हाही तसलाच भ्रम. साधं असो की क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं महाग स्टील), ताणाला दाद न देण्याचा आकडा 200 गिगापास्कलच्या आसपासच. महाग स्टील मोडायला उशीर करतं, पिळायला नाही. (ते वापरून नळी पातळ केली तर उलट जास्तच पिळेल.)

आणि सगळ्यात कडक ते सगळ्यात चांगलं, असंही नाही. गाडी 60 अंश कललेली असताना शॉकअप (धक्के झेलणारी स्प्रिंग) जवळपास आडवा पडलेला असतो. खड्ड्याचा धक्का खालून वर येतो, तो त्याला नीट घेताच येत नाही. तेव्हा चेसिस आणि चिमटा बाजूला थोडे लवले तरच टायर रस्ता धरतो. म्हणून मोटोजीपीच्या शर्यतीवाले बाजूची लवचीकता मुद्दाम ठेवतात. आपण भेरूघाटात 60 अंश कलत नाही, कललोच तर थेट घाटाखालच्या चोरल गावात उतरू.

1950 ची नॉर्टन कंपनीची फेदरबेड चेसिस बघा. रेनॉल्ड्स 531 नावाच्या स्टीलच्या नळ्या, हाताने केलेलं ब्राँझ वेल्डिंग. त्याच वर्षी तिने आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत मारली. तिथे कमाल मांडणीची होती, सीएनसी तर जन्मालाही आलं नव्हतं.

आता सीएनसीवाले मिरवतात त्या 0.05 मिमी अचूकतेच्या कौतुकाचा हिशोब. चिमट्याच्या दोन टोकांत 200 मिमी अंतर धरा. चेन ताणताना एका बाजूचा ॲडजस्टर 1 मिमी पुढे राहिला, तर 1350 मिमी पुढे, म्हणजे पुढच्या चाकापाशी, मागच्या चाकाची रेषा जवळपास 7 मिमी चुकते. चिमट्यावरच्या खुणांवर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या स्वतःच्या गाडीवर एका कारागिराने त्या खुणा बरोबर जुळवून दिल्या, आणि चाक तरीही तिरकं. घरी येऊन मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरा ताणला, पुढच्या टायरशी फट मोजली, तेव्हा कळलं.

त्या पोराची गाडी मी स्टँडवर चढवून हँडल हलकेच फिरवलं. मधोमध कट्कन अडलं. कोनसेटच्या वाट्यांत खड्डे पडलेले. सुधारली ती गाडी नसून त्याची छाती, असं त्याच्या मित्राने म्हटलं, आणि पोरगा माझ्याकडे बघून गप्प झाला.