जाळी मागताना नुसता नंबर नको, इंच की सेंटिमीटर तेही सांगा

आम्ही स्क्रीन प्रिंटिंगच्या फ्रेमवर जाळी ताणून देतो; तिच्या भोकांतून शाई खाली उतरते आणि छपाई होते. आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यावर असा फोन वरचेवर येतो : "काका, एकशेवीसच्या दोन फ्रेम ताणून ठेवा, पोराला पाठवतो." आम्ही विचारतो, "एकशेवीस इंचाची की सेंटिमीटरची?" पलीकडून उत्तर येतं, "अहो, नेहमीचीच द्या."

पण टी-शर्टवाल्याची नेहमीची जाळी वेगळी आणि लग्नपत्रिकावाल्याची वेगळी. म्हणून हे पत्रक प्रत्येक फ्रेमबरोबर देतो आहोत. टेबलाजवळ भिंतीला चिकटवून ठेवा.

नंबर म्हणजे धाग्यांची संख्या, हे तुम्हाला माहीत आहेच. घोळ होतो तो हे धागे किती लांबीत मोजले यावरून. अमेरिकन शाईच्या माहितीत आणि इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंत इंचाचा नंबर सांगतात. आमच्याकडे बोल्टिंग क्लॉथ, म्हणजे जाळीचं कापड, सेंटिमीटरच्या नंबराने येतं. सेंटिमीटरच्या नंबराला २.५४ ने गुणलं की इंचाचा नंबर मिळतो. त्या हिशेबाने आमची ४३ म्हणजे व्हिडिओतली ११०, ६२ म्हणजे साधारण १५६, ७७ म्हणजे १९५, ९० म्हणजे २३० आणि १२० म्हणजे ३०५. इंचाची १२० हवी असेल तर तुम्हाला आमची ४८ च्या आसपासची जाळी लागते. सेंटिमीटरची १२० घेऊन गेलात तर ती अडीच पट दाट निघते.

एका दहीहंडीच्या तोंडावर नेमकं हेच झालं. गोविंदा पथकाचे दोनशे काळे टी-शर्ट, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत पथकाचं नाव. गिऱ्हाइकाने फोनवर १२० सांगितली, घाईत आम्हीही उलट विचारलं नाही आणि सेंटिमीटरची १२० ताणून दिली. पांढरा रंग राखाडी उमटला. त्यांनी स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) आणखी दाबली, तर अक्षरांच्या कडा पसरल्या. तीन-तीन हात मारले, मधे फ्लॅश करून, म्हणजे गरम करून, थर सुकवला, तरी खालचा काळा दिसतच राहिला. दुसऱ्या दिवशी ४३ ची फ्रेम दिली आणि दोन हातांत काम झालं. पण त्यांची एक रात्र आणि बरेच शर्ट वाया गेले. तेव्हापासून आम्ही विचारल्याशिवाय कापड कापत नाही. कुणाला ती चौकशी लांबण वाटते, पण ती आम्ही सोडणार नाही.

असं का होतं, ते भोकाच्या मापावरून कळतं. सेंटिमीटरला ४३ धागे म्हणजे प्रत्येक धाग्याच्या वाट्याला साधारण २३२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जागा. त्यात धागा ८० मायक्रॉन जाडीचा असेल तर भोक दीडशेच्या घरात. १२० मध्ये वाट्याला जागाच ८३ मायक्रॉन, त्यातले ३४ धाग्याचे, म्हणजे भोक पन्नासच्याही आत. पांढऱ्या प्लास्टिसॉलमध्ये, म्हणजे कापडावरच्या प्लास्टिकच्या शाईत, टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी भरपूर असते, शाई जड आणि घट्ट असते. काळ्या कापडावर झाकायला तिचा थरही जाड लागतो. तो इतक्या बारीक भोकातून पडत नाही. गडद कापडावर पांढऱ्यासाठी ४३ ते ६२ च घ्या.

धाग्याची जाडीही म्हणूनच विचारतो. १२० मध्येच ३४ ऐवजी ४० चा धागा घेतला तर भोक आणखी लहान होतं आणि शाई कमी उतरते. नंबरापुढे लावतात ते 'टी' मुळात धाग्याच्या जाडीचं चिन्ह होतं. बाजारात आता ते सेंटिमीटरची खूण म्हणून चालतं. आमच्या फ्रेमवर मार्करने दोन्ही आकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ १२०-३४. धुताना ते पुसले जाऊ देऊ नका.

आता उलटी चूक. पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डवाले कधी कधी शर्टाचीच उरलेली फ्रेम वापरतात. कागदावर शाई जास्त पडते आणि देवनागरीत ते लगेच कळतं. अनुस्वार फुगतो, रफाराचा आकडा बुजतो, 'महाराष्ट्र'मधल्या 'ष्ट्र'चा गोळा होतो. रंगीत पट्टीत कोरी अक्षरं सोडायची असतील तर अनुस्वाराचा ठिपका इमल्शनचा, म्हणजे उजेडाने घट्ट होऊन भोकं बुजवणाऱ्या लेपाचा, असतो. मोठ्या भोकाच्या जाळीवर त्याला धरायला पुरेसे धागे मिळत नाहीत आणि धुताना तो निघून जातो. बारीक मजकुराला कागदावर १२० घ्या, तीही पिवळी. पांढऱ्या जाळीत धाग्यांवरून उजेड आडवा पसरतो आणि कडा खातो, पिवळीत तो अडतो. पिवळी महाग पडते आणि एक्स्पोजिंगला वेळ जास्त घेते. ठसठशीत अक्षरांसाठी मागितलीत तर आम्हीच पांढरी घ्या म्हणू.

हाफटोनमध्ये, म्हणजे फोटो बारीक ठिपक्यांत छापताना, पुन्हा इंचच आडवा येतो. डिझायनर ४५ लाइनची, म्हणजे ठिपक्यांच्या ४५ ओळींची, फिल्म देतो, ती इंचातली असते. जाळी लाइनच्या चार ते पाच पट हवी, म्हणजे इंचात १८० ते २२५. पाच पटीने गेलात तर आमची ९०. कुणी ४५ ला थेट पाचाने गुणून सेंटिमीटरची २२५ जाळी मागतो, तिची गरजच नसते.

पाण्याच्या पिगमेंट शाईला ६२ ते ७७ बरी. त्याहून बारीक जाळीत पंख्याखाली शाई भोकातच सुकते. ग्लिटरला मात्र १० ते १५ लागते, नाहीतर चमकी जाळीवरच राहते.

"आजच्या आज द्या" याला आम्ही नाही म्हणतो, त्यामागे कारण आहे. ताणलेलं कापड पहिल्या काही तासांत सैल पडतं. रात्रभर ठेवून, टेन्शन मीटरने पुन्हा मोजूनच फ्रेम देतो. आकडा तुमच्यासमोर दाखवतो. इमल्शन लावलेली फ्रेम परत घेत नाही. लाकडी फ्रेम पावसाळ्यात मुंबईच्या दमटपणाने वाकते, म्हणून एकाशेजारी एक रंग नेमके बसवायचं काम असेल तर ॲल्युमिनियमची घ्या. तुमची जुनी ॲल्युमिनियम फ्रेम आणलीत तर त्यावर नवी जाळी ताणून देतो, फ्रेमचे पैसे वाचतात.

घरी नंबर नसलेली जुनी स्क्रीन पडली असेल तर टाकू नका. घेऊन या, भिंगाखाली एका सेंटिमीटरमधले धागे मोजून देतो, त्याचे पैसे घेत नाही. आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर पाठवताना चार गोष्टी लिहा : नंबर सेंटिमीटरचा की इंचाचा, शाई कुठली, छापायचं कशावर, आणि डिझाइनचा फोटो. नंबर माहीत नसेल तर बाकीच्या तीनही पुरतात. दहीहंडी-गणपतीच्या कामांसाठी फ्रेम निदान आठवडाभर आधी सांगा.