पार्श्वभूमी : खराब व्हॉल्व्हवाल्यांना अजून जुनीच गोळी का?

मिरजेत हृदयरोगाच्या ओपीडीबाहेर बसलेल्या पेशंटांच्या पिशव्यांत हल्ली दोन तऱ्हेचे कागद दिसतात. काहींच्या चिठ्ठीवर सकाळ-संध्याकाळ एकेक अपिक्साबान, ही रक्त पातळ करणारी नवी गोळी, एवढेच. काहींच्या हातात मात्र घड्या पडून फाटायला आलेली फाईल असते. त्यात ‘सोम ते शनि २, रवि ३’ असा गोळ्यांचा हिशेब आणि समासात पीटी-आयएनआरचे, म्हणजे रक्त किती पातळ झाले ते सांगणाऱ्या तपासणीचे, आकडे : १.६, २.४, ४.१, पुन्हा १.९. दोघांचेही ठोके अनियमित, म्हणजे एएफ (एट्रियल फिब्रिलेशन). दोघांनाही भीती एकच, हृदयातली गुठळी मेंदूत जाऊन अंगावरून वारं जाण्याची. पहिल्या तऱ्हेच्या गोळ्या आता स्वस्तही झाल्या आहेत. रिव्हारोक्साबानचे भारतातले पेटंट २०२० च्या अखेरीस संपले, अपिक्साबानचे २०२२ मध्ये. मग हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) खराब असलेल्या फाईलवाल्यांना अजून जुनीच गोळी का, असे त्यांचे नातेवाईक विचारतात, आणि त्यात चूक काही नाही.

जुनी गोळी म्हणजे वॉरफरिन किंवा तिची बहीण अ‍ॅसेनोकुमारॉल. आपल्याकडे दुसरीच जास्त चालते. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजका चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या शोधातून निघालेले वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदरांचे औषध म्हणून विकले गेले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. एएफवाल्यांपैकी पुढची तीसेक वर्षे ते मुख्यतः व्हॉल्व्हच्या पेशंटांनाच मिळत राहिले.

खरी कलाटणी १९७८ ची. अमेरिकेतल्या एका गावाच्या दीर्घ पाहणीतून दिसले, की एएफमुळे पक्षाघाताचा धोका ५ पटींहून अधिक वाढतो. एएफच्या जोडीला सांधेवाताच्या तापाने खराब झालेला व्हॉल्व्ह असेल तर तो १७ पटींवर जातो. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ या दोन आकड्यांत आहे. १७ पटवाल्यांना गोळी लागणारच, त्यांना चाचणीत नुसती साखरेची गोळी कशी द्यायची, म्हणून १९८९ ते १९९२ च्या मोठ्या चाचण्यांतून त्यांना वगळले गेले. उरलेल्यांवर वॉरफरिनने पक्षाघात सुमारे दोन तृतीयांशाने कमी करून दाखवला. अ‍ॅस्पिरिनला त्याच्या जवळपासही जाता आले नाही. तरी एएफसाठी नुसती अ‍ॅस्पिरिन लिहून दिलेल्या चिठ्ठ्या अजूनही सापडतात!

या उरलेल्या पेशंटांना नाव पडले ‘नॉन-व्हॉल्व्ह्युलर’. त्याने जेवढा घोळ घातला तेवढा क्वचितच दुसऱ्या कुठल्या लेबलाने घातला असेल. २००९ ते २०१३ दरम्यान डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, एडॉक्साबान या नव्या गोळ्यांच्या चाचण्या झाल्या. मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधला) बऱ्यापैकी आखडलेले आणि धातूचा व्हॉल्व्ह बसवलेले पेशंट त्यांतूनही बाहेरच राहिले. पण गळका मायट्रल किंवा आखडलेला एऑर्टिक व्हॉल्व्ह (महाधमनीच्या तोंडाचा) असलेले बरेच जण आत होते आणि त्यांना औषध नीट लागू पडले. म्हणजे व्हॉल्व्ह खराब, तरी शिक्का ‘नॉन-व्हॉल्व्ह्युलर’. इको रिपोर्टवर ‘माइल्ड एमआर’ (मायट्रल थोडासा गळका) वाचून कुणी नवी गोळी उगाच नाकारली, तर कुणी आखडलेल्या मायट्रलवालीलाही ती बिनधास्त चालू केली. २०२० मध्ये युरोपीय मार्गदर्शिकेने हे लेबलच टाकून द्या असे सांगितले. त्याच वर्षी ब्राझीलमधल्या चाचणीने प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेला मायट्रल व्हॉल्व्ह असलेल्यांना रिव्हारोक्साबान चालते असेही दाखवले.

धातूच्या व्हॉल्व्हचा निकाल लवकर लागला. डॅबिगाट्रानची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. २०१३ मध्ये तो निष्कर्ष छापून आला आणि तो विषय मिटला. वाद उरला तो सांधेवाताच्या तापाने आखडलेल्या मायट्रलचा. श्रीमंत देशांत हा आजार जवळपास संपल्यामुळे त्यावर चाचणी करण्याची घाई तिकडे कुणालाच नव्हती. २०१९ मध्ये दक्षिण कोरियातील जुन्या नोंदींच्या अभ्यासातून नव्या गोळ्या इथेही सरस वाटल्या आणि अनेकांना धीर आला.

अखेर २०२२ मध्ये आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांतील, सांधेवाताच्या तापाने व्हॉल्व्ह खराब होऊन एएफ असलेल्या साडेचार हजारांहून अधिक पेशंटांची चाचणी जाहीर झाली. त्यांचे सरासरी वय पन्नाशीचे होते आणि बहुसंख्य बायका होत्या. रिव्हारोक्साबान जिंकेल असाच बहुतेकांचा अंदाज होता. झाले उलटे. रिव्हारोक्साबानच्या गटात ५५२ मृत्यू, जुन्या गोळीच्या गटात ४४२. मेंदूतल्या गुठळीचे पक्षाघातही जुन्या गोळीवर कमी, आणि मोठ्या रक्तस्रावात ठळक फरक नाही.

चमत्कारिक गोष्ट अशी, की मृत्यूंतला फरक मुख्यतः पक्षाघातामुळे नव्हताच. तो होता अचानक मृत्यू आणि हृदय निकामी होण्यातला. जुन्या गोळीवर असलेल्यांचा आयएनआरही काही आदर्श नव्हता. सुरुवातीला जेमतेम तिसरा हिस्सा पेशंट २ ते ३ या हव्या त्या पट्ट्यात होते, पुढे ते प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेले. म्हणून काहींचे म्हणणे असे, की औषधापेक्षा दर महिन्याच्या फेरीनेच जीव वाचवले. आयएनआरसाठी आलेल्या बाईची सूज दिसते, धाप ऐकू येते, लघवीची गोळी वाढवली जाते. संशोधकांना एवढे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही. रिव्हारोक्साबान मध्येच बंद करणारेही जास्त होते, हाही मुद्दा निघतो. मला विचाराल तर फेरीचा वाटा नाकारता येत नाही, आणि तो तसा असेल तर आपल्या सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांसाठी तीच जास्त अडचणीची गोष्ट आहे.

कारण चाचणीतली फेरी ठरलेली होती, इथली नाही. जतहून मिरजेला येणे म्हणजे एसटीचे दीड-दोन तास, दिवसाचा रोजगार बुडाला, आणि रिपोर्ट उशिरा मिळाला तर डॉक्टर गेलेले. माण-खटावची तऱ्हा वेगळी नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचा आयएनआर गाळप संपेपर्यंत कोण पाहणार? अशा बाईला, तपासणीच होणार नसेल तर, नवी गोळी देणे बरे की जुनी तशीच चालू ठेवणे, याचे उत्तर त्या चाचणीत नाही. डॉक्टरांत यावर सरळ दोन तट आहेत. बोटातल्या थेंबावर दोन मिनिटांत आयएनआर सांगणारी यंत्रे कधीची आली आहेत. ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नियमाने ठेवली असती तर निम्मा वाद तिथेच मिटला असता, असे माझे मत. आणि मुळात व्हॉल्व्ह आणखी बिघडू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन तर या गोळ्यांहून जुने आणि कितीतरी स्वस्त आहे.

पक्षाघाताचा झटका आल्यावरच्या उपचाराने मात्र भराभर पावले टाकली. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन १९९५ मध्ये ३ तासांपर्यंत उपयोगी ठरले, २००८ मध्ये ती मर्यादा साडेचार तासांवर गेली. पण आयएनआर १.७ च्या वर असेल तर ते देता येत नाही, म्हणून तपासणीची फाईल रुग्णवाहिकेत बरोबर असावी लागते. तारेने गुठळी ओढून काढणे २०१५ मध्ये सिद्ध झाले आणि २०१८ मध्ये निवडक पेशंटांसाठी २४ तासांपर्यंत पोहोचले. रक्त पातळ असले तरी हा मार्ग बंद होत नाही. पाटण खोऱ्यातल्या घरासाठी प्रश्न उरतो तो ही सोय असलेल्या केंद्रापर्यंत वेळेत पोहोचण्याचा.

झटक्यानंतर गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची, यावर पूर्वी १-३-६-१२ दिवसांचा, म्हणजे झटका जितका मोठा तितके जास्त दिवस थांबा, असा अंदाजपंचे ठोकताळा होता. २०२३ आणि २०२४ च्या चाचण्यांनी लवकर सुरू करणे सुरक्षित असल्याचे दाखवले. मात्र त्या नव्या गोळ्यांच्या चाचण्या होत्या. धातूचा किंवा बराच आखडलेला मायट्रल व्हॉल्व्ह असलेले पेशंट त्यांतही घेतले नव्हते. त्यांच्यासाठी दिवस ठरतो तो सीटीवर दिसणाऱ्या डागाचा आकार पाहून.